सावित्रीची वाट आणि महाडचे नशीब

महाबळेश्वरच्या पठारावर ज्या पाच नद्या उगम पावतात, त्यांतली कृष्णा सर्वांत भाग्यवान. तिच्या वाट्याला अर्धा दख्खन आला. सावित्रीच्या वाट्याला पश्चिमेचा कडा आला. सुमारे 1,350 मीटर उंचीवरून ती कोकणात उडी घेते, प्रतापगडाच्या पायथ्याच्या जंगलातून वाट काढत पोलादपूरला येते आणि तिथे पोचेपर्यंत जवळजवळ सगळी उंची गमावून बसते. पुढे महाडपर्यंत उतार असा उरतच नाही. महाडला पोचली की समोरून समुद्र भेटायला येतो. बाणकोटच्या मुखातून आत शिरलेली भरती चाळीस-पन्नास किलोमीटर वळणे घेत महाडपर्यंत चढते. उगमापासून मुखापर्यंत सारी मिळून नदी सुमारे 100 किलोमीटरची.

महाड आणि पोलादपूर या दोन गावांचा इतिहास या भूगोलात दडलेला आहे. भरती जिथे थांबते तिथे महाड वसले आणि घाट जिथे सुरू होतो तिथे पोलादपूर. माल समुद्राकडून आला की महाडला गलबतातून उतरायचा आणि बैलाच्या पाठीवर चढायचा. घाटावरून आला की उलट. ओझ्याची ही खांदेपालट ज्या गावात होते तिथे वखार उभी राहते, दलाल येतो, जकातीचा नाका बसतो आणि पाठोपाठ फौजही येते. मात्र वाट बदलली की हे सगळे आल्या पावली परतही जाते. महाडने हे दोन्ही अनेकदा पाहिले.

महाडहून मुंबईच्या दिशेने निघाले की दोनेक किलोमीटरवर उजव्या हाताच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात. जवळजवळ तीस लेणी इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत इथल्या खडकात कोरली गेली. त्यांतल्या एका शिलालेखात कुमार काणभोअ विष्णुपालित याचे नाव आहे. बाकीच्या दानलेखांत व्यापारी घराण्यातले दातेही आहेत. नदीपलीकडे कोल गावाजवळ आणखी लेणी आहेत. एवढा खर्च रानावनात कोणी करत नाही. भिक्षूंना भिक्षा घालणारे गाव आणि लेण्यांना पैसा पुरवणारा व्यापार जवळ असल्याशिवाय लेणी कोरली जात नाहीत. ग्रीक खलाशांच्या वर्णनांत कोकण किनाऱ्यावरच्या ज्या बंदरांची नावे येतात, त्यांतले एखादे या खाडीवरचे असावे असे काही अभ्यासक मानतात. कोणते, हा वाद त्यांच्याकडेच राहू द्यावा. दोन हजार वर्षांपूर्वी इथे भरतीबरोबर माल येत होता, एवढे लेण्यांवरून पुरेसे कळते.

तो माल घाटावर जाई कसा? बैलगाडी जाईल असा रस्ता नव्हता. होत्या त्या पायवाटा: वरंधा, मढे, शेवत्या, गोप्या, ढवळे आणि सर्वांत वापरातला पार घाट. वंजाऱ्यांचे तांडे पाठीवर गोणी लादलेले बैल घेऊन या वाटांनी चढत आणि उतरत. वर जाई मीठ, सुकी मासळी, नारळ. खाली येई गूळ, मिरची, हळद, कांदा आणि जंगलातला हिरडा. मिठाशिवाय देशावरचे स्वयंपाकघर चालत नाही आणि मीठ पिकते समुद्रावर. त्यामुळे घाटाच्या तोंडाशी जो बसेल तो श्रीमंत होणारच.

जावळीचे चंद्रराव मोरे नेमके तिथेच बसले होते. 1656 साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्याची कारणे सांगताना मोऱ्यांचा उद्दामपणा आणि आदिलशाहीशी असलेले त्यांचे नाते यांवर भर दिला जातो. ते खरेच आहे. पण नकाशा समोर ठेवला की आणखी एक गोष्ट दिसते: जावळीबरोबर पार घाटाच्या परिसरातल्या वाटा आणि खाली महाडपर्यंतचे खोरे हाती आले. त्याच वर्षी रायरी आली, पुढे तिचा रायगड झाला. तीन वर्षांनी, 10 नोव्हेंबर 1659 रोजी, अफझलखान प्रतापगडाखाली मारला गेला तो याच पार घाटाच्या वाटेवर. राजधानीसाठी रायगडाची निवड झाली तेव्हा त्याच्या उंच कड्यांइतकाच खालचा मुलूखही महत्त्वाचा होता. गडाच्या दोन अंगांनी वाहणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्या सावित्रीलाच मिळतात. गांधारीचा संगम महाडला आहे आणि महाडच्या पुढे खाडी. राजधानीला समुद्राचे दार होते. फक्त ते समुद्रावरून दिसत नव्हते.

या काळातली माणसेही याच खोऱ्यातली. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. सिंहगडावर 4 फेब्रुवारी 1670 रोजी ते पडले आणि त्यांची समाधी उमरठला आहे. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. गडकोटांच्या या कथा मराठी वाचकाला पाठ आहेत, म्हणून त्यांवर इथे रेंगाळत नाही.

रायगडाचे वैभव ओसरल्यावरचे महाड मात्र फारसे कोणी सांगत नाही.

1755-56 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचे आरमार मोडले. लुटीच्या वाटपात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि त्याच्या बदल्यात इंग्रजांनी बाणकोटचा किल्ला घेतला. त्याचे नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. किल्ल्याबरोबर आसपासची काही गावेही त्यांना मिळाली आणि त्यांत महाडच्या जवळचे दासगाव होते. मुंबई बेटाला रसद हवी होती, खाडीत सुरक्षित नांगरवाडा हवा होता. या सौद्यामुळे मराठी मुलखात खोलवर, रायगडाच्या जवळजवळ सावलीत, इंग्रजांचे एक गाव तयार झाले. जेम्स फोर्ब्स या कंपनीच्या नोकराने 1771 च्या सुमारास दासगावचा आणि जवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा उल्लेख करून ठेवला आहे. सव गावचे हे झरे आजही आहेत.

दासगाव इंग्रजांकडे गेल्याचा एक परिणाम त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नसेल. कंपनीच्या मुंबई फौजेची भरती या भागात सुरू झाली आणि तिच्यात महार समाजातले तरुण मोठ्या संख्येने गेले. पलटणीत मुलांसाठी शाळा होत्या. नोकरी संपवून परतलेला पेन्शनर गावात आला की त्याला लिहिता-वाचता येई, कायद्याची भाषा कळे आणि जोहार घालताना त्याची मान आखडे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक पेन्शनर. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली आणि 1895 मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला इतर सभासद तयार नव्हते. या धाग्याला पुढे 1927 साली गाठ पडायची आहे.

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात कोणावर संकट आले की तो महाड गाठी. पाठीशी घाट, जवळ रायगड, समोर खाडी आणि वेळ आलीच तर गलबत, अशी चारही बाजूंची सोय दुसरीकडे नव्हती. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या गोंधळात नाना फडणवीस 1796 मध्ये वाईकडून कोकणात उतरले ते महाडला. तिथे बसून त्यांनी निजामाशी, नागपूरकर भोसल्यांशी आणि आपल्या विरोधकांशीही संधान बांधले. महाडचा तह म्हणून जो ओळखला जातो तो त्याच वर्षीचा. काही महिने मराठी राज्याचे राजकारण या खाडीकाठच्या बाजारगावातून चालले आणि नाना पुन्हा कारभारी होऊनच पुण्यास गेले.

सहा वर्षांनी दुसऱ्या बाजीरावाला हीच वाट धरावी लागली. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या रणात यशवंतराव होळकरांनी पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव सिंहगडमार्गे रायगडाकडे, तिथून महाडला आणि पुढे सुवर्णदुर्गाला गेला. तिथून समुद्रमार्गे वसई. 31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह झाला आणि पेशवा इंग्रजांचा अंकित झाला. नाना महाडहून पुण्याकडे वळले होते, बाजीराव महाडहून समुद्राकडे वळला. दोघांच्या कर्तृत्वातला फरक एवढ्यात कळतो. पुढे 1818 मध्ये इंग्रजी फौजा महाडहून रायगडावर चालून गेल्या आणि 10 मे रोजी कर्नल प्रॉथरने गड घेतला. तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती.

इंग्रजी अमलात खाडीला वेगळेच गिऱ्हाईक मिळाले. 1828 मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमने महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसवले. मुंबईच्या साहेबाला उन्हाळ्यात तिथे जायचे तर बोरघाटातून पुणे, वाई असा लांबचा वळसा होता. त्यापेक्षा मुंबईहून बाणकोटपर्यंत समुद्रमार्गे, तिथून होडीने दासगाव-महाड आणि पुढे पालखीतून पार घाट, हा रस्ता सोयीचा. साहेब, मडमा, त्यांचे पेटारे, स्वयंपाक्यांचा लवाजमा असा काफिला भरती बघून खाडीत शिरे. वेळ चुकली तर चिखलात रुतलेली होडी आणि पुढच्या भरतीची वाट.

भरतीची ही वेळ चुकवणे म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवे. मोठे पडाव आणि मचवे दासगावपर्यंत बहुतेक वेळा जात. दासगावच्या वर पात्र उथळ, खडकाळ आणि वळणांचे होते. तिथून महाडपर्यंत लहान होड्याच जात आणि त्याही भरतीच्याच जोरावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चांगले चढे, त्या दिवसांत बाजार भरलेला असे. भांगाच्या दिवसांत पाणी अपुरे पडे आणि माल दासगावलाच उतरवून गाडीने आणावा लागे. तांडेल तिथीवर हिशेब करी, व्यापारीही तिथीवरच हुंडीची मुदत धरी. पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद, म्हणजे बंदर बंद. नारळी पौर्णिमेनंतर पहिली गलबते येईपर्यंत वखारीत जे असेल त्यावर गावाने भागवायचे.

1870 च्या दशकात पार घाटाऐवजी फिट्झगेराल्ड घाट बांधला गेला, म्हणजे आजचा आंबेनळी घाट. त्या आधी होऊन गेलेल्या गव्हर्नर सर सिमोर फिट्झगेराल्डचे ते नाव. आता पोलादपूरहून महाबळेश्वरपर्यंत चाकाची गाडी चढू लागली. रस्ता झाला, पण उशिरा झाला. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती. देशावरचा माल आता पुणे स्टेशनवर डब्यात पडे आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला पोचे; घाट, बैल, भरती, तांडेल यांची कटकटच उरली नव्हती. साहेबही रेल्वेने पुण्याला आणि तिथून टांग्याने महाबळेश्वरला जाऊ लागला. महाडची आडत बसली असे म्हणता येणार नाही, पण देशाचे दार ही तिची ओळख गेली. महाड राहिले ते तालुक्याचे बाजारगाव. आणि खोऱ्यातून सर्वांत जास्त निर्यात होऊ लागली ती माणसांची. भाताच्या एका पिकावर आणि डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीवर घर चालेना, तेव्हा महाड-पोलादपूरचे पुरुष गिरण्यांत, गोदीत आणि पलटणीत भरती होऊ लागले. मनिऑर्डर उलट दिशेने येऊ लागली.

माणसांच्या या वाहतुकीसाठी आगबोटी आल्या. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटी बाणकोट-हरिहरेश्वरच्या बाऱ्याशी थांबत आणि तिथून लहान बोटीने दासगाव. दुसरी वाट धरमतरची: मुंबईहून बोटीने धरमतर, तिथून मोटारीने माणगाव, महाड. 1920 च्या दशकात खासगी बसवाल्यांनी ही दुसरी वाट जवळजवळ व्यापली होती.

आता 1927. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा हा प्रसंग सामाजिक इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिलेला आहे, पण त्यातले वाहतुकीचे अंग सहसा दुर्लक्षित राहते.

महाडची नदी भरतीची, तिच्या पाण्यावर उन्हाळ्यात भरवसा ठेवता येत नसे; गाव तळ्यांवर जगत होते. त्यांतले चवदार तळे सार्वजनिक. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरले. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस नगरपालिकेचे पुढारी होते. ठराव कागदावर राहिला. तो पाण्यापर्यंत न्यायचे ठरवले ते रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मोरे दासगाव परिसरातलेच. मुलगा असताना महाडच्या शाळेत प्रवेशासाठी त्यांना झगडावे लागले होते. त्यासाठी महाडात भरवायच्या परिषदेला मुलूख तयार होता, कारण पेन्शनरांची दीडशे वर्षांची परंपरा इथे होती. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी परिषद झाली आणि 20 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे यांच्यासारखे सवर्ण सहकारी बरोबर होते. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ले झाले, आणि तळ्याची 108 घागरींनी ‘शुद्धी’ केली गेली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा प्रश्न उभा राहिला: जायचे कसे? धरमतरची वाट जवळची, पण मोटारी खासगी मालकांच्या. ऐन वेळी बसवाल्यांनी ‘तुम्हाला नेत नाही’ म्हटले तर? महाडच्या व्यापाऱ्यांनी माल न देण्याचे ठरवले होते, म्हणून धान्यही बाहेरून जमा करावे लागले. बसवर विश्वास टाकण्यात अर्थ नव्हता. म्हणून 24 डिसेंबर 1927 रोजी सुमारे दोनशे प्रतिनिधींसह डॉ. आंबेडकर मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. समुद्रमार्गाने, हरिहरेश्वरच्या बाजूने, खाडीतून वर. 25 तारखेला दुपारी ते दासगावच्या बंदरात उतरले. तिथे तीन हजारांहून अधिक सत्याग्रही वाट पाहत होते. बाबासाहेबांना तिथेच जिल्हाधिकाऱ्याचा निरोप देण्यात आला, पोलीस अधिकारी हजर होते. मग पाच मैलांची मिरवणूक दासगावहून महाडला निघाली, पायी.

ही वाट कोणती होती ते आठवावे. 1756 मध्ये इंग्रजांनी दासगाव घेतले, म्हणून पलटणीची भरती झाली, म्हणून पेन्शनर आले, म्हणून मोरे-वलंगकर घडले. आणि त्याच दासगावच्या धक्क्यावर आता बोट लागली होती. मोटारीच्या रस्त्यावर जातीचा नाका होता, खाडीवर नव्हता. जुने, मागे पडलेले बंदर त्या दिवशी कामी आले.

महाडात परिषदेसाठी जागा द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्या रात्री तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर न्यायालयाचा 14 डिसेंबरचा मनाई हुकूम होता, म्हणून सत्याग्रह तहकूब ठेवून गावातून मिरवणूक काढण्यात आली. खटला दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळे सार्वजनिक असल्याचा निवाडा कायम केला.

सत्याग्रहाच्या पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, महाड आणि पोलादपूर यांच्यामध्ये सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. गलबतांच्या मृत्यूचा तो दाखलाच म्हणावा लागेल. पुलाने नदी ही ओलांडण्याची गोष्ट झाली. तोवर ती प्रवासाची गोष्ट होती. स्वातंत्र्यानंतर एस. टी. आली, मुंबई-गोवा मार्ग राष्ट्रीय महामार्ग 17 झाला, आज तोच 66 आहे. पोलादपूरचे महत्त्व त्यामुळे पुन्हा वाढले: एका बाजूला महाबळेश्वरचा आंबेनळी घाट, दुसऱ्या बाजूला खेडकडे उतरणारा कशेडी घाट, आणि नाक्यावर थांबणारी प्रत्येक एस. टी. खाडी मात्र गाळाने भरत गेली. डोंगर उघडे झाले, माती खाली आली, वर चढणाऱ्या होड्या थांबल्या. ज्या पात्रातून पडाव जात, तिथून पुढे रेती उपसणाऱ्या बोटी फिरू लागल्या.

1980 च्या दशकात बिरवाडी, आसनपोई, जिते, कांबळे या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. मुंबई-ठाणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सरकार सवलती देत होते. इथे नदीचे पाणी होते, महामार्ग होता आणि समुद्र जवळ होता. रसायनांच्या कारखान्यांनी जागा घेतल्या. विनती ऑरगॅनिक्सने 1992 मध्ये इथे आयसोब्युटाइल बेंझिनचे उत्पादन सुरू केले. आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाचा तो कच्चा माल, आणि जगातल्या मोठ्या उत्पादकांत ही कंपनी गणली जाते. प्रिवी, लक्ष्मी ऑरगॅनिक, सुदर्शन, पिडिलाइट, हिकल ही नावेही या वसाहतीत आली. म्हणजे डोके दुखल्यावर जपानमध्ये किंवा जर्मनीत कोणी गोळी घेतली, तर तिचे मूळ बिरवाडीच्या रस्त्यावर असण्याचा संभव आहे. हिरड्याच्या गोणींनी घाट उतरण्याच्या काळापासून महाडने केलेला हा सर्वांत लांबचा व्यापार.

त्याची किंमतही महाडनेच दिली. गिरणीसाठी मुंबईला जाणारा तरुण आता वसाहतीत पाळीवर जाऊ लागला, हे खरे आणि महत्त्वाचे. पण सांडपाणी प्रक्रिया करून वाहिनीने खाडीत सोडण्याची जी व्यवस्था झाली, तिच्याबद्दल खाडीकाठच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तिच्यात सावित्रीचा दादली पूल ते मुठवली हा पट्टा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये वसाहतीतल्या एका कारखान्यात लागलेल्या आगीत 11 कामगार गेले. चवदार पाण्याच्या हक्कासाठी ज्या गावाने देशाला जागे केले, त्याच्या नदीचे पाणी पिण्याच्या लायकीचे राहिले नाही, हा विरोधाभास महाडकर बोलून दाखवतात तेव्हा त्यात कडवटपणा असतो.

कोकण रेल्वे आली तीही गावाला वळसा घालून. रोहा ते वीर हा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला आणि 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. महाडचे स्टेशन म्हणजे वीर, गावापासून दहाएक किलोमीटर दूर. दासगावजवळ खाडीकाठी रेल्वेचा भराव झाला. पूर आला की या भरावात पाणी अडते आणि मागे महाडमध्ये चढते, अशी नागरिकांची तक्रार आहे. भरावाच्या जागी जास्त गाळ्यांचा पूल करावा ही त्यांची मागणीही जुनी आहे.

कारण महाडचा पूर हा साधा नदीचा पूर नसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो सारा सावित्रीत येत नाही, पण जो येतो तो काही तासांत खाली येतो. काळ, गांधारी भरून वाहतात. अशा वेळी समोरून उधाणाची भरती चढत असेल तर पाण्याला जायला जागा नसते. ज्या भरतीने गाव वसवले, तीच त्याला बुडवते. जुन्या महाडकरांनी घरांची जोती उंच ठेवली होती आणि पहिल्या मजल्यावर धान्य साठवण्याची पद्धत होती. नवीन इमारतींनी तळमजल्यावर दुकाने काढली.

जुलै 2005 च्या शेवटच्या आठवड्यात पुराबरोबर डोंगरही खाली आले. जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या महाड तालुक्यातल्या आणि कोतवाल या पोलादपूर तालुक्यातल्या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसे गेली. 1927 साली जिथे बोट लागली होती, त्या दासगावचा एक भाग मातीखाली गेला.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री 1928 चा दगडी पूल पुरात वाहून गेला. शेजारी नवा पूल होता, पण एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एस. टी. आणि एक खासगी मोटार अंधारात नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. काहींचे मृतदेह खाडीत खूप दूर, बाणकोटच्या दिशेला सापडले, काहींचे सापडलेच नाहीत. अठ्ठ्याऐंशी वर्षे जुन्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरवला गेला होता. नवा पूल 165 दिवसांत बांधून 5 जून 2017 रोजी खुला करण्यात आला. मनावर घेतले तर काम होते, हे त्यातून दिसले. आधी का घेतले नाही, याचे उत्तर कुठल्याही उद्घाटनात मिळत नाही.

22 जुलै 2021 ला तिसरा तडाखा बसला. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. महाडात पाणी पहिल्या मजल्याला टेकले. त्याच दुपारी तळिये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही बळी गेले. महाडच पाण्याखाली असल्याने बचाव पथकाला तळियेला पोचायला दुसरा दिवस उजाडला. वाटांच्या गावाची प्रत्येक वाट त्या रात्री बंद होती.

त्यानंतर सावित्रीतला गाळ आणि पात्रातली बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले, कशेडीला बोगदा झाला, महामार्ग रुंद होतो आहे. रस्ता रस्तेवाल्यांचा, रूळ रेल्वेचे, कारखाने महामंडळाचे, नदी पाटबंधारे खात्याची आणि दरडी कोणाच्याच नाहीत, अशी आजची वाटणी आहे. महाबळेश्वरच्या कड्यापासून बाणकोटच्या मुखापर्यंतचे खोरे एक धरून त्याचा एकच आराखडा करा, ही महाड-पोलादपूरकरांची मागणी आहे आणि ती रास्त आहे. पुढचा पावसाळा आराखड्यासाठी थांबणार नाही.